रोवणीतला भात आणि मोबाईलमधला डाएट



यंदा आमच्या सिहोऱ्याकडे रोवणीच्या दिवसांत एक नवा शब्द ऐकू आला: लो कार्ब. आधी तो आपल्याच घरांत आला होता. दुकानात, गादीवर दिवसभर बसणाऱ्या पुरुषांची शुगर वाढली, कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवला आणि भात बंद झाला. भंडारा जिल्ह्यात भात बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. पण दोन-तीन महिन्यांत शुगर उतरली, पोटही उतरलं, हेही खरं. त्यामुळे ती गोष्ट स्वयंपाकघरातून अंगणात आणि अंगणातून बांधीत पोहोचली. रोवणीला जाणाऱ्या एका बाईने, तिलाही थोडी शुगर सांगितली होती, भात आणि पोळी दोन्ही सोडलं. वाटीभर वरण, भाजी आणि काकडी एवढ्यावर ती रोज चिखलात उतरत होती. चौथ्या दिवशी भोवळ येऊन बांधावर बसली. सोबतच्या बायांनी गुळाचं पाणी दिलं, सावलीत निजवलं, तेव्हा बरी झाली.

नंतर तिने मला विचारलं की दुकानातल्या शेठना जे मानवलं ते तिला का मानवलं नाही. प्रश्न बरोबर होता. उत्तर शोधायला मी जुन्या इतिहासात शिरले, आणि तिथे हा प्रश्न दीडशे वर्षांपासून पडलेला दिसला.

आधी कामाचा हिशेब सांगते. रोवणी म्हणजे पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधायच्या, मग कमरेत वाकून घोटाभर चिखलात मागे मागे सरकत दिवसभर लावत जायचं, वरून पाऊस. आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये जे आकडे दिले, त्यांत ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी लागतात आणि जड काम करणारीला २७२०. म्हणजे हजाराहून जास्त फरक. एवढी भर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भाताने घातली. आमचा तालुका तुमसर, सगळा धानाचा. मालगुजारांच्या काळातले तलाव आणि बोड्या, बावनथडीचं पाणी, चांदपूरचा जलाशय, सगळी व्यवस्था धानासाठी. तुमसरची बाजारपेठ तांदळावर वाढली. याच तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी आहेत. तिथे राबणाऱ्या माणसांच्या डब्यातही भातच असायचा.

आता ज्या माणसाच्या नावाने हे खाणं पहिल्यांदा गाजलं, त्याच्याकडे या. विल्यम बँटिंग, लंडनचा. उच्चभ्रू लोकांच्या अंत्ययात्रांची व्यवस्था करण्याचा त्याच्या घराण्याचा धंदा. वय ६६, उंची बेताची, वजन २०२ पौंड. स्वतःच्या बुटाची नाडीसुद्धा वाकून बांधता येत नव्हती असं त्यानेच लिहिलंय. त्याच्या डॉक्टरने ब्रेड, साखर, बटाटा, बिअर बंद करायला लावलं. वर्षभरात तो ४६ पौंडांनी उतरला आणि १८६३ मध्ये त्याने त्यावर एक छोटी पुस्तिका काढली. ती इतकी खपली की इंग्रजीत 'बँटिंग करणं' म्हणजे वजन उतरवणं असा शब्दच झाला. मला यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: बँटिंग कामातून निवृत्त झालेला, सधन माणूस होता. ब्रेडच्या जागी त्याच्या ताटात दिवसातून तीनदा मांस-मासे आणि वर वाइन होती. आपल्या धर्माने ते ताट चालणारं नाही, पण मुद्दा तो नाही. त्याचं ताट रिकामं झालं नव्हतं. बदललं होतं.

बँटिंग लंडनमध्ये ब्रेड सोडत होता त्याच सुमारास आपल्या भागावर, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांतावर, सर रिचर्ड टेंपल नावाचा चीफ कमिशनर होता. भंडारा त्याच्याच अखत्यारीत. पुढे १८७६-७८ चा मोठा दुष्काळ दख्खनवर आणि मद्रासवर पडला, तेव्हा सरकारने खर्च आवरायला याच टेंपलला पाठवलं. त्याआधी बिहारच्या दुष्काळात त्याने हात सैल सोडला म्हणून त्याच्यावर टीका झाली होती. त्यामुळे या खेपेला त्याने हात फार आखडला. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या गड्याला दिवसाला एक रत्तल धान्य, वर किरकोळ पैसे. एक रत्तल म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. आपण बायका लगेच हिशेब करू: त्यातून साडेपंधराशेच्या आसपास कॅलरी मिळतात. जड काम करणाऱ्या पुरुषाला आजच्या मापाने ३४७० लागतात. म्हणजे निम्म्याहूनही कमी.

मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉक्टर कॉर्निश याच्या विरोधात उभे राहिले. एवढ्यावर राबणारं शरीर टिकत नाही, धान्य वाढवा आणि सोबत डाळ-भाजी द्या, असं ते लिहीत राहिले. इकडे मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांवरच्या लोकांनीच काम सोडलं. उपाशी माणसांनी संप करायला केवढी हिंमत लागत असेल! पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सगळे सार्वजनिक काका म्हणत, त्यांच्या सभेने, त्यांची बाजू लावून धरली. काही महिन्यांनी मद्रासमध्ये सरकारला शिधा वाढवावा लागला. पण तोवर पुष्कळ माणसं गेली होती.

तुम्ही म्हणाल, टेंपलच्या शिध्यात तर सगळं धान्यच होतं, त्याचा लो कार्बशी काय संबंध? संबंध असा की आपल्या बाईने भात काढला आणि त्या जागी काकडी ठेवली. नाव नवीन असलं तरी पोटात गेलं ते टेंपलसाहेबाच्या रत्तलापेक्षाही कमी होतं. भात काढायचा तर तेवढीच शक्ती दुसरीकडून आली पाहिजे, आणि ती फक्त स्निग्धातून येऊ शकते. २७२० कॅलरीतून धान्य जवळजवळ वगळलं, डाळ-पनीर भरपूर धरलं, तरी उरलेल्यासाठी रोज साधारण पाव किलो तूप, तेल, दाण्यांतला स्निग्धांश लागतो. रोज पाव किलो! ती किंमत आणि रोवणीची रोजी शेजारी शेजारी लिहून बघा.

ज्यांनी खरोखर धान्याशिवाय अंगमेहनत केली, त्यांच्याकडे हेच दिसतं. फ्रेडरिक श्वाट्का नावाचा अमेरिकन लेफ्टनंट १८७८ ते १८८० या काळात उत्तर कॅनडाच्या बर्फात फिरला. शिकारीवर जगला. त्याने नोंदवलंय की पहिले दोन-तीन आठवडे अशक्तपणा वाटतो, मग शरीर सरावतं. १९२८ मध्ये स्टेफान्सन नावाच्या प्रवाशाने न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळाच्या देखरेखीखाली वर्षभर फक्त मांस खाऊन दाखवलं. सुरुवातीला त्याला चरबी नसलेलं मांस दिलं तेव्हा तो दोन-तीन दिवसांतच आजारी पडला, आणि चरबी दिल्यावर सुधारला.

दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्याने तर नेमका आपलाच प्रश्न तपासला. हिवाळी सरावात एका तुकडीला फक्त पेमिकन, म्हणजे सुकं मांस आणि चरबीचा लाडूसारखा गोळा, आणि चहा दिला. तीन-चार दिवसांत ती तुकडी कामातून गेली. मळमळ, थकवा, पाय उचलेना. हे १९४५ मध्ये छापून आलं. आमच्या बाईचाही चौथाच दिवस होता. त्याआधी १९३९ मध्ये डेन्मार्कच्या क्रिस्टन्सन आणि हॅन्सन यांनी सराव असलेल्या पुरुषांना दमेपर्यंत सायकल मारायला लावली होती. स्निग्ध खाण्यावर ते दीड तासाच्या आसपास थकले. पिठूळ खाण्यावर त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ टिकले. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साखरेचा साठा साधारण चारशे-पाचशे ग्रॅमचाच असतो. तो रोज भरला नाही तर जोराचं काम होत नाही.

दुसरी बाजूही सांगते. १९८३ मध्ये अमेरिकेत फिनी नावाच्या डॉक्टरांनी पाच सायकलपटूंना चार आठवडे जवळजवळ धान्याशिवाय ठेवलं. भरपूर स्निग्ध दिलं, वरून मीठही मोजून दिलं. मध्यम गतीची सायकल ते आधीइतकाच वेळ मारू शकले. म्हणजे अशक्य नाही. पण महिनाभर सवय करायला हवी, ताटात तुपाचा डोंगर हवा, मीठ हवं आणि काम एकाच संथ लयीचं हवं. रोवणीचा मोसम संपेपर्यंत तर सवयच व्हायची.

आमच्याकडे काही जणी म्हणतात, भाताऐवजी लाखोळीची डाळ खा, स्वस्त आहे आणि पौष्टिकही. पौष्टिक आहेच. शंभर ग्रॅममध्ये अठ्ठावीसेक ग्रॅम प्रथिनं, तुरीपेक्षा जास्त. उभ्या धानात फेकली की ओलीवर येते, खत नाही, मशागत नाही. पण तिचाही इतिहास आहे. १८२९ पासून सागर भागात गारा, अवर्षण, तांबेरा अशी एकामागून एक संकटं आली. गहू गेला, लाख तेवढी जगली, आणि लोकांनी तीच पोटभर खाल्ली. १८३३ च्या सुमारास तरुण माणसं कमरेखाली लुळी पडू लागली. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ते पाहून लिहून ठेवलं. पुढे रीवा भागात वेठबिगारांना मजुरीत हीच डाळ मिळायची, आणि तिथेही तेच झालं. त्यातलं विष १९६४ मध्ये आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी वेगळं काढून दाखवलं. त्याआधीच, १९६१ मध्ये, तिच्या विक्रीवर बंदी आली होती. महाराष्ट्राने ती नंतर उठवली. आमच्या भागात भातासोबत लाखोळीचं वरण, कोवळ्या पाल्याची भाजी लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आले, काही झालं नाही. धोका आहे तो महिनोन्‌महिने तिलाच मुख्य अन्न करण्यात. भिजवून, उकळून पाणी फेकलं की विष कमी होतं. पण भाताच्या जागी तिला बसवू नका.

आता आपल्या धर्माबद्दल थोडं, कारण मंदिरात एका ताईंनी मला सांगितलं की लो कार्ब म्हणजे आपलं तपच की! मला ते पटलं नाही. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत रसपरित्याग आहे. त्यात काय सोडतात? दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ. धान्य राहतं. आपल्या श्वेतांबर मैत्रिणी आयंबील करतात, तेही उकडलेल्या धान्य-कडधान्यावरच. लो कार्ब याच्या बरोबर उलट आहे. तिथे तूप, पनीर, लोणी राहतं आणि धान्य जातं. आजारासाठी करायचं असेल तर जरूर करा, पण त्याला व्रताचं नाव नको. शिवाय त्या व्हिडिओतल्या बेसनाच्या धिरड्यावर दही घालतात. ते द्विदल होतं, हे आपल्या मुली विसरत चालल्यात. आणि आपल्याकडे उपवास धरणारी बाई त्या दिवशी स्वाध्यायाला बसते. तिला बांधीत कुणी पाठवत नाही. सोळाकारण भावनांत 'शक्तितस्तप' आहे. शक्तीनुसार तप. ज्याने हा शब्द योजला त्याने शरीराचा हिशेब मांडला होता.

जैन म्हणजे दुकान, हेही आपल्या विदर्भातलं चित्र. कोल्हापूर-सांगलीकडचे चतुर्थ जैन पिढीजात शेतकरी. त्यांच्या बायका शेतात राबल्या आणि ज्वारीच्या भाकरीवर राबल्या. कर्मवीर भाऊराव पाटील तिकडचेच, १८८७ मध्ये कुंभोजला जन्मलेले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं अंगमेहनत करून शिकू लागली. त्या वाढत्या, राबत्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही.

घरात शुगर असलेली, बैठं काम करणारी माणसं असतील तर भात-पोळी कमी करून डाळ, भाज्या, दाणे वाढवणं चांगलंच. पण तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईला शुगर असेल आणि तिची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर तिने अचानक भात सोडून उन्हात राबणं धोक्याचं आहे. साखर एकदम खाली जाते. गोळीचं प्रमाण डॉक्टरांनी बदलल्याशिवाय ताट बदलू देऊ नका. रोवणी, कापणी, चुरणीच्या दिवसांत तिला भात हवाच. एकदम ढीगभर नको, सकाळी आणि दुपारी वाटून. त्यावर घट्ट वरण, पाल्याची भाजी, जवसाची चटणी आणि चटणीवर तेल जरा सढळ. साखरेचा चहा दिवसातून चारदा होतो, तो मात्र कमी करता येईल. आणि पदरात गुळाचा खडा बांधून द्या.