टेंभी नाक्यावरचं योसेफाचं आख्यान

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर रिक्षातून उतरलात की आधी नवरात्राची कमान उतरवून ठेवा. आनंदाश्रमासमोरची गर्दी, शुभेच्छांचे फलक, हॉर्न, सगळं एकेक करून बाजूला सारा. डांबर खरवडा, खाली माती लागेल. साल १८८५ धरा. आगगाडी ठाण्याला येऊ लागून बत्तीस वर्षं झालीत, जुन्या किल्ल्यात तुरुंग आहे आणि तुमच्या पुढ्यात बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणच्या मराठी ज्यूंचं, सिनेगॉग आहे. १८७९ साली बांधलेलं, म्हणजे जेमतेम सहा वर्षांचं. नाव ‘शार हाशामाईम’, स्वर्गाचं दार. बोलताना मात्र ही मंडळी त्याला सरळ ‘मशीद’ म्हणतात. दचकू नका. मुंबईच्या मसजिद बंदर स्टेशनचं नाव त्यांच्याच तिथल्या जुन्या सिनेगॉगवरून पडलं, असं सांगतात.

शनिवारची संध्याकाळ उलटलीय. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विसावा, चालू होता तोवर वाद्याला कुणी हात लावला नव्हता. आभाळात तीन तारे दिसले, शब्बाथ सुटला, आणि आता मांडवात एक जण मृदंगाच्या धुमेला कणीक थापतोय. तुम्ही जोडे काढता आणि सतरंजीचा एक कोपरा धरता.

“सरकून बसा पाहुणे. कुठले?”

विचारणारे पलटणीतून पेन्शनीत निघालेले सुभेदार. आडनाव पेणकर. त्यांच्या पलीकडे दिवेकर, मागे रोहेकर. कोकणची गावं जणू आपापली माणसं पाठवून बसलीत. सुभेदारांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता, तो शनिवारी बंद असे. म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. ते हे सांगतात ते मिशीत हसून, त्यात कमीपणा मानल्याचं दिसत नाही.

मग बुवा उभे राहतात. डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणं, हातात झांज. पवित्रा अगदी नारदीय. तुमचे कान गणेशवंदनेची वाट बघतात, पण नमन होतं ते निराकार, एकमेव देवाला. शब्द तुमच्या ओळखीचे, मराठी संतांच्या वाटेनं आलेले. अधूनमधून एखादं हिब्रू नाव येतं आणि साकीच्या चालीत बिनबोभाट बसून जातं.

आजचं आख्यान योसेफाचं. बापाचा लाडका मुलगा, रंगीबेरंगी अंगरखा, भावांच्या पोटात दुखणं. बुवा एका भावाचा आवाज काढतात, मग दुसऱ्याचा. शेताच्या बांधावरून पिढ्यान् पिढ्या भांडलेल्या कोकणी माणसांना भाऊबंदकी समजावून सांगायची काय गरज? योसेफाला विहिरीत टाकतात तेव्हा बायकांच्या बाजूनं एक लांब सुस्कारा येतो. त्याला व्यापाऱ्यांना विकतात तेव्हा झांज थांबते. बुवाही थांबतात. त्या थांबण्यात ते किती पक्के आहेत ते कळतं. मग दिंडी सुरू होते आणि योसेफ मिसर देशाच्या वाटेला लागतो. तुमच्या शेजारचं पोर मात्र सुभेदारांच्या मांडीवर केव्हाच झोपलंय.

बेने इस्राएलांच्या कीर्तनाचा हा प्रकार फार जुना नाही. १८८०च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी तो सुरू केला. हरिदासांची कीर्तनं ऐकून त्यांना वाटलं, आपल्या अब्राहामाची, मोशेची, एस्तेरची आख्यानं अशी का होऊ नयेत? त्याच सुमारास, ३१ ऑक्टोबर १८८०ला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. त्या नाटकाबद्दल आपण भरभरून लिहिलं. या कीर्तनांबद्दल आपल्या संगीताच्या इतिहासात दोन ओळी सापडल्या तरी पुष्कळ. मला हे खटकतं.

गरज अगदी साधी होती. प्रार्थना हिब्रूत, आणि ती अर्थासकट समजणारे थोडे. जुना करार मराठीत आला तो मिशनऱ्यांच्या हातून, त्यांच्या हेतूसह. वल्हांडण सणाची पोथी, हग्गादा, १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापली गेली खरी, पण ती वाचायला अक्षरओळख हवी. कीर्तनाला लागते फक्त बैठक. म्हातारी, पोर, निरक्षर, कुणीही यावं आणि ध्रुपद उचलावं. मिशनऱ्यांनी ज्या गोष्टी ह्या लोकांना आपल्याकडे ओढण्यासाठी मराठीत आणल्या, त्याच गात ते आपल्या धर्मात आणखी घट्ट बसले. चाल उसनी घेतली म्हणून कुणी कुरकुरलं नसेल, असं मानण्याइतका मी भाबडा नाही. पण ध्रुपदाला सगळा मांडव साथ देतोय, तुम्हीही देताय, आणि कुरकुर असलीच तर ती या आवाजात ऐकू येत नाही.

आता उठा, पाऊणशे वर्षं ओलांडा. वाटेत थांबू नका. ट्रंका बांधल्या जाताहेत. १९४८ला इस्राएल झालं. भारतात वीस हजारांच्या घरात असलेली ही मंडळी दरवर्षी घटतेय. बुवा गेले, मृदंगवाले गेले. काही ट्रंकांत कीर्तनाच्या पोथ्या आहेत, पदाच्या डोक्यावर चाल दिलेल्या. पुढे तिकडे ही माणसं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढतील. पण चाल कागदावरून कशी गाणार? ती ज्यानं ऐकली, त्याच्याच गळ्यात राहते.

आणखी तीस-पस्तीस वर्षं. आता नव्वदचं दशक आहे आणि ठाण्यातल्याच एका घराच्या दिवाणखान्यात तुम्ही पोचलात. देशातल्या उरल्यासुरल्या ज्यूंपैकी बरेच या शहरात आहेत. पूर्वी कीर्तनाला पुरुष उभे राहत, बायका बाजूला बसत. आता गाणं त्यांनी हाती घेतलंय. आठ-दहा जणी, पुढ्यात वह्या, एकीकडे पेटी. मलिद्याच्या तबकात पोहे, खोबरं, खजूर. एलियाहू संदेष्ट्याचं नाव घेऊन झालंय. एस्तेरची गोष्ट बसवायचीय आणि जुन्या पदाची चाल कुणालाच धड आठवत नाही.

“सिनेमातली लावू या की,” एक जण म्हणते. “पोरं तेवढ्यासाठी तरी येतील.”

“येतील, आणि सिनेमातलंच गाणं गात घरी जातील.”

“जाऊ देत. त्या दुष्ट हामानाचं नाव तर लक्षात राहील?”

तुमच्याकडे कौल मागितला जातो. तुम्ही पाहुणे, तुम्हाला सुटका नाही. पेटीवाल्या बाईंनी तोवर काळी चार धरलीय.