टांकसाळ-दोष

टांकसाळीतून बाहेर पडण्याआधीच नाण्यात राहून गेलेले व्यंग. संग्राहकांच्या बोलीत ‘एरर’. नंतर झालेली मोडतोड, झीज, मुद्दाम केलेली छेडछाड किंवा पृष्ठभागावर बसलेला थर यात मोडत नाही, मग नाणे कितीही चमत्कारिक दिसो. दिसणारी खूण नाणे पाडण्याच्या कोणत्या टप्प्यावर पडली, याचे उत्तर देता आले तरच तो दोष. नुसते वेगळेपण पुरेसे नाही.

टप्पे थोडेच आहेत. धातूच्या पट्टीतून चकती कापतात, तिची कड उचलतात आणि मग कॉलरमध्ये (चकतीला वेढणाऱ्या कड्यात) बसवून दोन ठशांच्या मध्ये दाबतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकतीचा कमानदार तुकडा जातो. अशा नाण्यात तुटीच्या बरोबर समोरची कड बहुधा पुसट असते, कारण कड उचलताना तिथे पुरता दाब मिळालेला नसतो. कानस लावून कोरलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठसठशीत असते. चकती ठशाखाली बाजूला सरकून बसली तर एका बाजूला कोरी चंद्रकोर राहते, पण वजन पूर्ण भरते. ठशाला तडा गेला तर धातू त्यात शिरतो, म्हणून नाण्यावर उंच रेघ उमटते. ओरखडा खोल असतो आणि बाजूला सरकलेला धातू त्याच्या काठांवर दिसतो.

आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले तर पुढच्या नाण्याच्या एका बाजूवर दुसऱ्याच बाजूची उलटी, खोलगट प्रतिमा येते. दोन नाणी व्हाइसमध्ये आवळूनही असाच आभास करतात, पण तिथे मूळचे चित्र चेपलेल्या अवस्थेत खाली शिल्लक असते.

दहा रुपयांचे द्विधातू नाणे (27 मिमी, 7.71 ग्रॅम) वारंवार ‘एरर’ म्हणून विकायला येते. 2011 पासूनच्या नाण्यात मधल्या चकतीवर सिंहशीर्ष, तर बाहेरच्या पिवळ्या कड्यावर ‘भारत’ हा शब्द आहे. कडे आणि चकती यांवर एकाच दाबात छाप पडतो. तेव्हा सिंह ‘भारत’च्या तुलनेत कलंडलेला दिसला तर मधला भाग नंतर निखळून फिरवून बसवला आहे, हे पक्के. चकती कड्यात खरोखरच सरकून बसली असती तर सांध्यावरूनही चित्राच्या रेषा अखंड गेल्या असत्या.

सर्वांत जास्त फसगत थरामुळे होते. वाळलेला गोंद, डाख, ऑइलपेंट, तेलात मळलेले हळदकुंकू यांचा फुगवटा ठशाचा तुकडा उडाल्यासारखा भासतो. उडालेल्या ठशाचा फुगवटा नाण्याच्याच धातूचा असतो. भिंगाखाली त्याच्या पायथ्याशी सांधा दिसत नाही आणि त्याखाली अक्षरेही नसतात. शंका असल्यास नाणे अ‍ॅसिटोनमध्ये ठेवावे, विस्तवापासून दूर. गोंद आणि रंग बहुधा सुटतात, धातूला काही होत नाही. डाख मात्र जात नाही. चिंच किंवा पितांबरीने घासणे टाळावे. त्याने थराबरोबर मूळचा पृष्ठभागही जातो आणि पुरावाच नाहीसा होतो. ठशात वंगण साचल्याने अक्षर गळले असेल तर तिथली मूळची झळाळी टिकून असते. घासून काढलेल्या जागी समांतर चरे दिसतात.

भलत्याच धातूवर पडलेल्या नाण्याची शहानिशा वजनकाट्याने आणि लोहचुंबकाने होते. अमेरिकेचा 1943 चा सेंट पोलादी (सुमारे 2.7 ग्रॅम), त्याच वर्षीचे मोजके तांब्याचे सेंट सुमारे 3.1 ग्रॅमचे. तांब्याचा मुलामा दिलेले पोलादी नाणे चुंबकाला चिकटते.

हाताने पाडलेल्या नाण्यांना ही कसोटी जशीच्या तशी लावता येत नाही. शिवराईचा ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे अर्धवट मजकूर हा तिचा दोष नव्हे, तो रिवाजच. जुन्या चांदीच्या रुपयांवरील सराफी छाप टांकसाळीबाहेरचे असल्यामुळे दोषांत धरत नाहीत; पण नाणे सराफांनी पारखल्याची ती खूण असल्याने अभ्यासक त्यांची स्वतंत्र नोंद ठेवतात.