संततीचे नवस आणि रिकाम्या गाद्या



मूल होत नाही, हे दुःख चारचौघांत बोलता येत नाही. म्हणूनच त्यावरचा उपाय कानात सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात. कोणी पिंपळाला प्रदक्षिणा घालावयास सांगतो, कोणी दंडात ताईत बांधतो, कोणी मंतरलेला नारळ ओटीत घालतो, तर कोणी हमखास मुलगा होण्याची मुळी दुधातून देतो. या प्रकारांची थट्टा करणे सोपे आहे. नवसाने संतती होते या समजुतीची रोकठोक थट्टा तुकोबांच्या एका अभंगातच झालेली आहे. परंतु त्या थट्टेला साडेतीनशे वर्षे उलटली, तरी ताईत आहेत तेथेच आहेत. तेव्हा ही समजूत आली कोठून, टिकली कशाच्या बळावर आणि तिची किंमत कोणी मोजली, याचा थोडा शांतपणे विचार करणे बरे.

आपल्याकडे या समजुतीचे मूळ फार जुने आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात शमीवर वाढलेल्या अश्वत्थाचा उल्लेख करून पुत्राची इच्छा करणारे एक सूक्त आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात, पुष्य नक्षत्रावर करावयाचे पुंसवन सांगितले आहे. उपवास केलेल्या गर्भवतीने, जिचे वासरू तिच्याच रंगाचे आहे अशा गाईचे दही प्यावयाचे आणि त्या दह्यात प्रत्येक ओंजळीमागे दोन उडीद व जवाचा एक दाणा घालावयाचा. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तर सोने, रुपे किंवा लोखंड यांच्या लहानशा पुरुषाकृती तापवून त्या दुधात, दह्यात वा पाण्यात टाकाव्यात आणि ते प्यावे, असेही सांगितले आहे. या साऱ्यांमागचा न्याय एकच दिसतो: सारख्यातून सारखे निपजते. पुरुषाची आकृती पोटात गेली, की पोटातील गर्भ पुरुष होतो.

पण त्याच परंपरेत दुसरी एक दृष्टीही होती, हे विसरता कामा नये. सुश्रुताने गर्भधारणेची तुलना शेतातल्या अंकुराशी केली. ऋतू, क्षेत्र, पाणी आणि बीज या चारही गोष्टी जुळून आल्या म्हणजे जसा अंकुर फुटतो, तसाच गर्भ राहतो, असे त्याचे म्हणणे. त्यात मंत्राला जागा नाही. आहे ते शेतकऱ्याचे निरीक्षण. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात याहून अधिक समंजस उपमा सुचणे कठीणच होते.

चरकाने पुंसवनाच्या संदर्भात एक अट घालून ठेवली आहे, ती मोठी विचार करण्याजोगी आहे. योग्य देश आणि योग्य काळ साधून केलेले कर्म इष्ट फळ देतेच. तसे न केलेले देत नाही, असे तो सांगतो. वैद्याच्या दृष्टीने ही सावधगिरी असेल. परंतु पुढे हीच अट प्रत्येक मांत्रिकाची ढाल झाली. मुलगा झाला तर मुळी खरी. मुलगी झाली तर मुहूर्त चुकला, सोवळे मोडले, किंवा बाईची श्रद्धा कमी पडली. जो उपाय कधी हरूच शकत नाही, तो जिंकला असे तरी कसे म्हणावे?

शिवाय हिशेब मांत्रिकाच्या बाजूचाच आहे. निसर्गतः दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे काहीही न करता ‘मुलगा होईल’ असे सांगणारा निम्म्याहून किंचित अधिक वेळा खरा ठरतो. फसलेले लोक गप्प बसतात आणि फळ मिळालेले गावभर पेढे वाटतात. मूलच न होण्याच्या बाबतीतही असेच घडते. पहिल्या वर्षात ज्यांना दिवस जात नाहीत, अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना दुसऱ्या वर्षात आपोआप दिवस जातात. लोक हवालदिल होऊन नवस बोलतात ते नेमके याच दुसऱ्या वर्षात. श्रेय जाते ते पिंपळाला.

मग या दाव्याची खरी परीक्षा घ्यावयाची कशी? परीक्षा अशा ठिकाणी व्हावी, की जेथे द्रव्याची, वैद्यांची, ज्योतिष्यांची किंवा अनुष्ठानांची वाण नाही, आणि पुत्राची गरज पराकोटीची आहे. अशी ठिकाणे आपल्याच इतिहासात आहेत. ती म्हणजे मराठी राजघराणी. ग्वाल्हेरचे उदाहरण घ्या. महादजी शिंदे १७९४ साली वारले. त्यांना पुत्र नव्हता, म्हणून भावाचा नातू दौलतराव गादीवर आला. दौलतराव १८२७ साली निपुत्रिक वारले. बायजाबाईंनी जनकोजीला दत्तक घेतले. जनकोजीही १८४३ साली पुत्राविना गेले आणि जयाजीराव दत्तक आले. ओळीने तीन पिढ्या हिंदुस्थानातील एका बलाढ्य दौलतीला वारस उसना आणावा लागला. साताऱ्याची गादी १८४८ साली आणि नागपूरची त्यानंतर सहा वर्षांच्या आत, औरस पुत्र नाही या सबबीवर इंग्रजांनी खालसा केली. झाशीच्या गंगाधररावांना पुत्र झाला, पण तो काही महिन्यांतच गेला. नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी दत्तक घेतला आणि पुढचे सारे आपणांस ठाऊकच आहे.

बडोद्याची हकीकत तर अधिकच बोलकी आहे. खंडेराव गायकवाड १८७० साली वारले, तेव्हा जमनाबाई गरोदर होत्या. पुत्र झाला तर तो राजा, कन्या झाली तर दीर मल्हारराव राजा, अशी स्थिती. एका संस्थानाचे भवितव्य एका गर्भाच्या लिंगावर टांगलेले होते. १८७१ साली कन्या झाली आणि मल्हाररावांचे राज्य पक्के झाले. पुढे १८७५ साली ते पदच्युत झाल्यावर जमनाबाईंनी कवळाण्याचा एक मुलगा दत्तक घेतला. तोच सयाजीराव महाराज म्हणून प्रसिद्धीस आला. पुत्र देण्याची विद्या जर कोणापाशी असती, तर तिला याहून मोठे गिऱ्हाईक कोठे मिळाले असते? राजवाड्यांनी अखेर जो मार्ग धरला तो दत्तकविधानाचा; आणि तो फळला.

आता किमतीचा विचार करू. मनुस्मृतीने वंध्या स्त्रीला आठव्या वर्षी, जिची मुले जगत नाहीत तिला दहाव्या वर्षी आणि जिला मुलीच होतात तिला अकराव्या वर्षी सवत आणण्याची मुभा दिली आहे. म्हणजे नवस बोलणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावर ही तलवार टांगलेली असे. त्या तलवारीपायी तिने नको त्या माणसाच्या पुढे पदर पसरला, तर तिला भोळी म्हणून हिणवण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसरी किंमत मुलांनी मोजली. मूल व्हावे म्हणून पहिले अपत्य खंडोबाला वाहण्याचा नवस केला जाई. मुलगा झाला तर वाघ्या आणि मुलगी झाली तर मुरळी. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्मालाही मुली वाहिल्या जात. जे मूल देवाने दिले असे मानले, त्याचेच आयुष्य देवाच्या नावाने गहाण पडे. ही चाल मोडण्यासाठी मुंबई प्रांतात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली कायदे करावे लागले.

विज्ञानाने या प्रश्नाचा उलगडा सावकाश केला. लेव्हेनहूकने १६७७ साली शुक्रजंतू पाहिले; फॉन बेअरने १८२७ साली सस्तन प्राण्याचे बीजांड पाहिले. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने पिठातल्या किड्यांच्या जातीवर काम करून दाखवले, की नर वा मादी हे पित्याच्या शुक्रजंतूतील गुणसूत्रावर ठरते. मनुष्यातही तोच नियम आहे. ज्या गोष्टीसाठी हजारो वर्षे स्त्रीला बोल लावला, ती तिच्या हाती नव्हतीच. आणि ती गर्भधारणेच्या क्षणीच ठरत असल्यामुळे तिसऱ्या महिन्यातले दही कितीही शुद्ध असले, तरी उशिराच पोहोचणार. मूल न होण्याच्या बाबतीतही कारणाचा वाटा पुष्कळदा पुरुषाकडे असतो, हे आता तपासणीने कळते.

तथापि ज्ञान आले म्हणून हव्यास गेला नाही. गर्भलिंगतपासणीच्या दुरुपयोगाविरुद्ध १९९४ साली कायदा झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलांमागे मुली ८९४ च भरल्या. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. गर्भाचे लिंग बदलून देण्याचा दावा करणे आणि अलौकिक शक्तीने मातृत्व देतो असे सांगून स्त्रीचा उपभोग घेणे, हे दोन्ही त्यात गुन्हे ठरले आहेत. कायद्यात ही कलमे लिहावी लागली, यावरूनच काय चालले होते ते ध्यानात यावे.

येथवर संशयाची बाजू झाली. पण संशय म्हणजे दार लावून घेणे नव्हे. इजिप्तमधील एका प्राचीन पपायरसात असे लिहिले आहे, की स्त्रीने गहू व जव यांवर रोज आपले मूत्र घालावे. ते उगवले तर ती प्रसवेल आणि जे धान्य उगवेल त्यावरून मुलगा की मुलगी ते कळेल. हे वाचून हसू येते. परंतु १९६३ साली संशोधकांनी हसण्याऐवजी दाणे पेरून पाहिले. ४० गर्भवतींच्या नमुन्यांपैकी २८ मध्ये दाणे उगवले. गर्भवती नसलेल्यांच्या नमुन्यांत उगवले नाहीत. मुलगा की मुलगी हे भाकीत मात्र साफ फसले. एकाच वाक्यातले काही टिकले आणि काही पडले. हे घरबसल्या कोणाला सांगता आले असते?

उलट उदाहरण आपल्याच देशातले आहे. कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने ३ ऑक्टोबर १९७८ रोजी भारतातील पहिली परीक्षानलिका-बालिका जन्मली. शासनाने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला. परिषदेसाठी परदेशी जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही, बदली झाली, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. १९८६ साली मुंबईत अशा बालिकेचा जन्म घडवून आणणारे डॉ. आनंद कुमार हे पहिले मानले जात. त्यांनीच १९९७ साली मुखोपाध्यायांची टिपणे वाचून जाहीर केले, की पहिला मान आपला नाही, त्यांचा आहे.

मांत्रिक आणि मुखोपाध्याय या दोघांनीही मूल देण्याचा दावा केला. एकाने आपली वही कधी दाखवली नाही. दुसऱ्याची वही होती, पण ती वेळेवर कोणी नीट वाचली नाही. तेव्हा संततीचा उपाय सांगणारा कोणी भेटला, तर त्याला हसण्यापूर्वी आणि त्याच्या पाया पडण्यापूर्वी एवढेच विचारावे: बाबा रे, तुझा उपाय किती जणांनी केला, कितींना फळला, किती जणांना फळला नाही, आणि ते कोठे लिहून ठेवले आहेस? आणि ते विचारताना ज्या घरात पाळणा हललेला नाही, त्या घरातील स्त्रीला मात्र काही विचारू नये. तिला आजवर पुरेसे प्रश्न विचारून झाले आहेत.