दट्ट्यापेटीचं कूळ

अर्धा मीटरभर लांबीचा लाकडी ठोकळा, त्यात ओळीने दहा गोल खाचा आणि प्रत्येक खाचेत वर छोटी मूठ असलेला एकेक दट्ट्या. सोनाराकडची पितळी वजनांची पेटी ज्याने पाहिली आहे त्याला दट्ट्यापेटीचं वर्णन आणखी करून सांगायला नको. जुन्या वळणाच्या बालमंदिरांत ती हमखास असते. तिचं कूळ मात्र शाळेतलं नाही, दवाखान्यातलं आहे.

1800 साली फ्रान्सच्या आव्हेरों भागात रानात एकटा राहणारा एक मुलगा सापडला. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतले तरुण डॉक्टर झां इतार त्याला शिकवायला बसले. त्यांनी फळीवर लाल वर्तुळ, निळा त्रिकोण आणि काळा चौकोन चिकटवले आणि तशाच पुठ्ठ्याच्या आकृत्या त्यावर जुळवायला त्याला लावल्या. मुलाला बोलणं काही फारसं आलं नाही, पण ही युक्ती टिकली. इतारांचे शिष्य एदुआर सेगँ यांनी मतिमंद मुलांसाठी ती पुढे नेली. पुढे ते अमेरिकेत गेले आणि 1866 मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं पुस्तक निघालं. वैद्यकाच्या जगात त्याची फारशी कुणाला गरज वाटली नसावी.

ती वाटली रोममधल्या मारिया माँटेसरींना. 1896 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मनोरुग्णालयांत वेड्यांबरोबर कोंडलेली मतिमंद मुलं पाहिल्यावर इतार आणि सेगँ यांचं लेखन त्यांनी अभ्यासलं; पुढे ते स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवूनही काढलं. त्यावर बेतलेल्या साधनांनी शिकलेली काही मुलं सरकारी परीक्षा पास झाली. लोकांनी कौतुक केलं. माँटेसरीबाईंना प्रश्न पडला तो उलटाच: ही मुलं इथवर येतात, तर शाळेतली धडधाकट मुलं एवढ्यावरच का अडतात?

6 जानेवारी 1907 रोजी सान लोरेंझो या रोमच्या मजूरवस्तीत त्यांचं बालगृह उघडलं. घरमालक संस्थेचा हेतू रोकडा होता: आईबाप कामावर गेले की पोरं जिने आणि भिंती खराब करत, ती एका खोलीत गोळा व्हावीत. साधनं मुलांपुढे मांडायची, आणि मुलं ज्यांना हात लावणार नाहीत ती काढून टाकायची, असा तिथला रिवाज पडला. दट्ट्यापेटी टिकली. तीन वर्षांची एक मुलगी दट्टे काढत-घालत बसली होती. बाईंनी भोवतीच्या मुलांना गायला लावलं, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. मुलीने पेटी मांडीवर घेतली आणि काम चालूच ठेवलं. चाळिसाहून अधिक वेळा तेच करून ती आपणहून थांबली.

यामागे रचनेची हुशारी आहे. अशा पेट्या चार असतात. एका पेटीत दट्टे सारख्या उंचीचे असतात आणि जाडी एक सेंटिमीटरपासून अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरने वाढते. बारीक दट्ट्या मोठ्या खाचेत घातला की तो डुगडुगतो, तरी मूल पुढे जातं. शेवटी हातात एक जाडा दट्ट्या उरतो आणि समोर रिकामी असते ती बारीक खाच. चूक दाखवायला बाई लागत नाहीत. दुसऱ्या पेटीत जाडी तीच, उंची तेवढी बदलते. इथे कोणताही दट्ट्या कुठेही बसतो, फक्त कुणी वर डोकं काढतो, कुणी आत बुडतो. ही पेटी मला जास्त अवघड वाटते, कारण इथे हात अडत नाही, डोळ्यालाच पारख करावी लागते. उरलेल्या दोन पेट्यांत जाडी आणि उंची दोन्ही बदलतात. आणि मूठ? ती तीन बोटांच्या चिमटीत धरावी लागते. पुढे पेन्सिल धरायची ती याच बोटांनी.

असल्या अचूक सुतारकामाला पैसा लागतो, आणि इथेच आपल्याकडची गोष्ट सुरू होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये माँटेसरीच्या वळणाचं बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक तिथेच त्यांच्याबरोबर काम करून तयार झाल्या. 1945 मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, त्यांच्या सहकारी म्हणून अनुताई वाघही तिथे आल्या. गावातल्या गरीब मुलांसाठी परदेशी मापांचे संच आणायचे कुठून? त्यांनी शंख-शिंपले, गोटे, बिया, पानं गोळा केली. जुळवणं, लहानमोठं लावणं, मोजणं सगळं त्यावर झालं. शिंपल्याला दट्ट्यासारखी चूक दाखवता येत नाही, ही त्यातली उणीव खरी. तरीही ताराबाईंचा निर्णय मला बरोबर वाटतो: संच सांभाळत बसल्या असत्या, तर आदिवासी पाड्यावरच्या अंगणापर्यंत बालवाडी पोचलीच नसती.

आता माँटेसरींचं नाव कोणत्याही रंगीत प्लास्टिकवर छापलेलं असतं, त्या नावावर जाऊ नका. दट्ट्यापेटी घेणार असाल तर जाडी बदलणारी घ्या आणि दुकानातच एक दट्ट्या शेजारच्या मोठ्या खाचेत घालून पाहा. तो तिथेही घट्ट बसला, तर पेटी परत ठेवून द्या.