तिरळेपणा व दृक्-उद्दीपित विद्युत् प्रतिसाद

दोन्ही डोळ्यांचा रोख एकाच बिंदूवर न राहण्याच्या दोषाचा, मेंदूच्या दृक्-बाह्यकात आकृती पाहताना निर्माण होणाऱ्या विद्युत् प्रतिसादावर होणारा परिणाम.

मापनासाठी डोक्याच्या मागील भागावर विद्युत् अग्रे लावतात व पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट ठरावीक वेळाने उलटा करतात. निरोगी प्रौढात सुमारे १०० मिलिसेकंदांनी ठळक धन तरंग उमटतो. त्याची उंची काही मायक्रोव्होल्टच असल्याने अनेक प्रतिसादांची सरासरी काढावी लागते.

तिरळेपणात दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा जुळत नाहीत. दुहेरी दिसणे टाळण्यासाठी बालकाचा मेंदू एका डोळ्याचे संदेश दडपतो व त्यातून मंददृष्टी उद्भवू शकते. अशा डोळ्याचा तरंग बहुधा ठेंगणा असतो, कधी उशिरा उमटतो. बारीक चौकटींना हा फरक अधिक जाणवतो. दोन्ही डोळे उघडे असताना प्रतिसादात होणारी नेहमीची वाढही घटते. अर्भकावस्थेत डोळे आत वळलेल्यांमध्ये नाकाकडे व कानाकडे सरकणाऱ्या आकृतींना मिळणारे प्रतिसाद विषम असतात.

दोन्ही डोळ्यांच्या एकत्रित प्रतिसादातील घट प्राण्यांतही दिसली: संशोधक डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल यांनी १९६५ मध्ये मांजरीच्या पिलांत कृत्रिम तिरळेपणा निर्माण केला, तेव्हा दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देणाऱ्या दृक्-बाह्यक पेशींचे प्रमाण सुमारे चार पंचमांशावरून एक पंचमांशावर आले.

अक्षरे वाचू न शकणाऱ्या बालकांची दृष्टी अजमावण्यास व उपचारांचा परिणाम पाहण्यास दृक्-उद्दीपित प्रतिसादाची ही चाचणी उपयुक्त आहे; मात्र निदान प्रत्यक्ष नेत्रतपासणीवरच ठरते.