फाइल पोहोचली, मजकूर पोहोचला का?

अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणाचा विषय कागदावर नव्हे, तर एका लांबलचक कापडावर लिहून ठेवला. ती त्यांची प्रसिद्ध ‘पासोडी’. चार शतके उलटली. तरी जिथे शाई टिकली आहे तिथे देवनागरी जाणणारा ती अक्षरे लावू शकतो. याउलट, १९९८ च्या सुमारास संगणकावर जुळवलेली एखाद्या गावच्या इतिहासाची पुस्तिका आज मोबाइलवर उघडली, तर बहुधा इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग समोर येतो. असे का होते, त्याचा हा थ्रेड.

संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. कोणत्या क्रमांकाचे कोणते अक्षर, हा केवळ करार. भारतीय लिप्यांसाठी असा करार वेळेवर झालाही होता. ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले, आणि पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ तंत्राद्वारे त्याचा प्रसार केला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली आहे.

पण छापखाने आणि डीटीपी केंद्रे थांबणार कशी? पत्रिका उद्या हवी, स्मरणिका परवा. पेजमेकरसारख्या प्रणालींना देवनागरी कळत नव्हती. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी नामी युक्ती काढली: क्रमांक इंग्रजीचेच ठेवायचे, फक्त त्यांच्यावर मराठी आकार चढवायचे. कृतिदेव फॉन्टमध्ये इंग्रजी ‘डी’ दाबला की ‘क’ दिसतो. आतमध्ये मात्र ‘डी’च असतो. हा निव्वळ मुखवटा होता. पण त्याला नावे ठेवण्याआधी हेही मान्य करावे की गावोगावचे मराठी मुद्रण त्याच मुखवट्याने तगवले.

फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली की मुखवटा मागेच राहतो. केबल असो, ब्लूटूथ असो वा पेनड्राइव्ह. प्रत्येक बाइट इमानाने पोहोचते, आणि तरीही वाचता काही येत नाही.

आज इतिहासाचा विद्यार्थी मोबाइलवरच्या पायथन अॅपमध्ये रूपांतराचा छोटा प्रोग्राम लिहू शकतो. संगणक घरी असलाच पाहिजे असे नाही. मात्र अक्षरागणिक अदलाबदल पुरत नाही. ‘कि’ लिहिताना कृतिदेवमध्ये वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर, कारण डोळ्यांना तसे दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम चालतो: आधी ‘क’, मग वेलांटी. ‘कर्म’मधला रफार तर कृतिदेवमध्ये ‘म’नंतर येतो, त्याला उचलून ‘म’च्या आधी बसवावे लागते.

याहून फसवे प्रकरण ‘आ’चे. जुन्या फॉन्टात तो ‘अ’ आणि काना अशा दोन तुकड्यांनी बनतो. तुकडे सुटेसुटे बदलले, तर ‘आष्टी’ हे तालुक्याचे नाव डोळ्यांना जवळपास तसेच दिसते. पण शोधात सापडत नाही, कारण युनिकोडमध्ये ‘आ’ हे एकच स्वतंत्र अक्षर आहे. म्हणून जोड्या आधी बदलायच्या, सुटी अक्षरे नंतर.

रूपांतरित मजकूर मोबाइलवरून पुन्हा संगणकावर नेताना आणखी एक अडथळा असतो. अँड्रॉइडवरचा पायथन फाइल यूटीएफ-८ समजून लिहितो. विंडोजवर पायथनच्या अनेक आवृत्त्या, वेगळे सांगितले नाही तर, जुनीच पाश्चात्त्य संकेतपद्धती गृहीत धरतात. त्यामुळे फाइल उघडताना यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहावे. नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ निवडून देवनागरी जतन केली, तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात, आणि ती कोणत्याही प्रोग्रामने परत फिरत नाहीत.

मूळ फाइल म्हणूनच कधी पुसू नये, आणि तिच्या नावातच फॉन्टचे नाव लिहून ठेवावे: कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी, जे असेल ते. एकाच क्रमांकाचा अर्थ या तिघांत तीन प्रकारचा निघू शकतो.