वाळवंटी भागातील घरांच्या पन्हळींची कमी खर्चात दुरुस्ती : काम कसे करावे आणि कोणती योजना उपयोगी पडते

थोडक्यात

- पश्चिम राजस्थानात पाऊस थोडा पडतो, पण पडतो तेव्हा जोरात पडतो. छतावरचे पाणी टाक्यापर्यंत नेणारी पन्हळ फुटकी असेल तर वर्षभराचे पिण्याचे पाणी काही तासांत वाळूत जाते.
- प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) नवीन घरासाठी मदत देते. जुन्या पन्हळीच्या दुरुस्तीसाठी या योजनेत वेगळी रक्कम नाही.
- बहुतेक दुरुस्ती घरच्या घरी, थोड्या साहित्यात होते. मोठ्या खर्चासाठी बचत गटाचे अंतर्गत कर्ज आणि ग्रामपंचायतीचा आराखडा हे मार्ग आहेत.
- काम जूनअखेरपर्यंत संपवावे.

ही माहिती बाडमेर, जैसलमेर, जोधपूर, बिकानेर या जिल्ह्यांतील घरे समोर ठेवून दिली आहे. कामानिमित्त तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना स्थानिक मिस्त्रीशी बोलताना काही शब्द माहीत असावेत. छतावरून पाणी बाहेर टाकणाऱ्या दगडी किंवा पत्र्याच्या तोंडाला तेथे ‘परनाला’ म्हणतात. छताच्या दगडी फरशीला ‘पट्टी’, जमिनीखालील पाण्याच्या हौदाला ‘टांका’ आणि पाणी गोळा होण्याच्या उताराच्या जागेला ‘आगोर’ म्हणतात.

एका पन्हळीवर किती पाणी अवलंबून असते?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते.

आवास योजनेतील घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. छतही तेवढेच धरू. वर्षाचा पाऊस २५० मिलिमीटर धरला, तर छतावर ६,२५० लिटर पाणी पडते. वाफ, उडणारे थेंब आणि सुरुवातीचे सोडून दिलेले पाणी वजा केल्यावर सुमारे ५,००० लिटर टाक्यात येते. पाच जणांच्या कुटुंबाला पिणे आणि स्वयंपाक यासाठी रोज २५ लिटर लागतात असे मानले, तर हे पाणी २०० दिवस पुरते.

पन्हळीतून यातला एक तृतीयांश भाग गळून गेला, तर दोन महिन्यांहून अधिक दिवसांचे पाणी गेले. त्या दिवसांसाठी टँकर मागवावा लागतो किंवा घरातल्या बायकामुलींना लांबून पाणी आणावे लागते. जैसलमेरकडे पाऊस याहूनही कमी असतो, त्यामुळे तेथे प्रत्येक सरीचे मोल अधिक आहे.

दुसरे नुकसान भिंतीचे. गळणारे पाणी पायाशी मुरते, मातीच्या भिंती खचतात आणि दगडी भिंतींच्या सांध्यांतला चुना निघून जातो. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातील कवास परिसर पुराच्या पाण्यात बुडाला होता. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाने याच जिल्ह्यात मुसळधार पाऊस आणला. त्यामुळे ‘येथे पाऊसच पडत नाही’ असे समजून पन्हळीकडे दुर्लक्ष करू नये.

वाळवंटात पन्हळ का बिघडते?

१. ऊन आणि ताण. जोधपूर विभागातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. दिवसा तापलेली वस्तू पसरते, रात्री आकसते. तीन मीटर लांबीचा पीव्हीसीचा तुकडा ४० अंशांच्या फरकाने सुमारे ७ मिलिमीटर लांब-आखूड होतो. तेवढ्याच लांबीचा लोखंडी पत्रा दीड मिलिमीटरच्या आसपास सरकतो. सांधा घट्ट चिकटवला असेल तर तो याच हालचालीने तडकतो.

२. वाळू. मे-जूनमधील आंधीमुळे पन्हळीत वाळू साचते. पहिल्या सरीत ती ओली होऊन जड होते. तिच्या वजनाने पन्हळ मध्येच वाकते आणि पाणी काठावरून बाहेर पडते.

३. प्लॅस्टिकचा ठिसूळपणा. सतत उन्हात राहिलेले साधे प्लॅस्टिक काही वर्षांत पांढरट पडते आणि हाताने दाबले तरी तुटते.

४. वापरात खंड. वर्षातले बहुतेक महिने पन्हळ कोरडी असते. त्यामुळे बिघाड झाला आहे हे पहिल्या पावसातच कळते आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

दुरुस्ती केव्हा करावी?

हवामान विभागाच्या सर्वसाधारण तारखांनुसार नैर्ऋत्य मोसमी पाऊस ८ जुलैपर्यंत देशभर पोहोचतो आणि १७ सप्टेंबरपासून वायव्य राजस्थानातून परत फिरू लागतो. म्हणजे पाणी भरण्यासाठी जेमतेम सव्वादोन महिने मिळतात. सांधे आणि चिनाईची कामे फेब्रुवारी-मार्चमध्ये केल्यास ऊन कमी लागते आणि सिमेंट चांगले पकडते. आंधीचे दिवस सरल्यावर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, फक्त सफाई आणि चाचणी करावी.

टप्पा १ : खर्चाशिवाय होणारी कामे

- सकाळी लवकर पन्हळ कोरडीच झाडून घ्यावी. वाळू ओली करू नये. खराट्याने पुढे लोटून पाटीत भरावी.
- खाली येणाऱ्या पाइपमध्ये वरून एक बादली पाणी ओतावे. पाणी अडखळले तर लांब काठीला फडके बांधून पाइप मोकळा करावा.
- उतार तपासावा. पाइपच्या दिशेने दर मीटरला सुमारे ५ मिलिमीटर उतार पुरेसा असतो, म्हणजे तीन मीटरला दीड सेंटिमीटर. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी पाहता येते. मिस्त्री हीच ‘लेव्हल पाइप’ वापरतात.
- पन्हळीवर बादलीभर पाणी सोडून गळतीच्या जागा खडूने खुणावून ठेवाव्यात.

टप्पा २ : थोड्या साहित्यात होणारी दुरुस्ती

*पत्र्याच्या पन्हळीला भोक पडले असल्यास.* तारेच्या ब्रशने गंज काढावा आणि जागा कोरडी पुसावी. भोकापेक्षा सर्व बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर मोठा जस्ती पत्र्याचा तुकडा कापून, खाली सीलंट लावून रिबिटने बसवावा. पत्रा तापलेला असताना सीलंट लावू नये. धुळीवर ते धरत नाही आणि गरम पत्र्यावर नीट पसरण्याआधीच घट्ट होते. सकाळची वेळ चांगली.

*सांधा गळत असल्यास.* वरच्या बाजूचा तुकडा खालच्या बाजूच्या तुकड्याच्या आत बसलेला असावा, म्हणजे पाणी सांध्यात शिरत नाही. उलटे बसवले असेल तर आधी ते बदलावे. पीव्हीसी पन्हळीत चिकटवण्याच्या द्रवाऐवजी रबरी पट्टी असलेला जोड वापरावा आणि तुकड्यांच्या टोकांत सुमारे एक सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी.

*पन्हळ लोंबकळत असल्यास.* आधाराच्या पट्ट्या दर ६० ते ९० सेंटिमीटरला असाव्यात. एखादी पट्टी सुटली असेल तर तेवढीच बदलावी. पूर्ण पन्हळ नवी घेण्याची गरज नसते.

*दगडी परनाल्याभोवती भेग असल्यास.* भेग खरवडून स्वच्छ करावी, पाण्याने चांगली भिजवावी आणि एक भाग सिमेंट व तीन भाग चाळलेली वाळू यांचे मिश्रण भरावे. कडक उन्हात सिमेंट घट्ट होण्याआधीच सुकते आणि पुन्हा तडकते. म्हणून त्यावर गोणपाट टाकून किमान सात दिवस ओले ठेवावे. त्यासाठी भांडी धुतलेले, साबण नसलेले पाणी चालते. परनाल्याचे पाणी सरळ खाली सोडायचे असेल तर त्याचे तोंड भिंतीपासून निदान एक फूट पुढे असावे.

*हे टाळावे.* पाणी पिण्यासाठी साठवत असाल तर पन्हळीच्या आतून डांबर किंवा रंग लावू नये आणि शिशाचा डाग देऊ नये. अॅस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे कापू, घासू किंवा भोके पाडू नयेत. त्यांची धूळ फुफ्फुसांना घातक आहे.

टप्पा ३ : बदलावे लागल्यास काय घ्यावे?

२५ चौरस मीटरच्या छताला साध्या पावसात ७५ मिलिमीटर (तीन इंच) व्यासाचा पाइप पुरतो. जोरदार सरींसाठी १०० मिलिमीटरचा (चार इंची) घेणे योग्य. पाइप आणि पत्रा आयएसआय चिन्हाचाच घ्यावा. पावसाच्या पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपसाठी आयएस १३५९२ आणि जस्ती पत्र्यासाठी आयएस २७७ ही मानके आहेत. पाइप शक्यतो सावलीच्या बाजूला, म्हणजे उत्तर किंवा पूर्व भिंतीवर लावावा. पश्चिमेला लावावाच लागला तर बाहेरून पांढरा रंग द्यावा.

पहिले पाणी टाक्यात घेऊ नये

छतावर वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. पहिल्या सरीचे, दर चौरस मीटरला निदान एक लिटर पाणी सोडून द्यावे. २५ चौरस मीटर छतासाठी हे २५ लिटर होतात. त्यासाठी टाक्याकडे वळणाऱ्या पाइपच्या आधी चार इंची पाइपचा तीन मीटरचा बंद तुकडा उभा जोडावा आणि खाली उघडता येणारे झाकण बसवावे. आधी तो भरतो, मग पुढचे स्वच्छ पाणी टाक्यात जाते. पाऊस थांबल्यावर झाकण उघडून घाण पाणी काढावे. टाक्याच्या तोंडावर बारीक जाळी हवीच, कारण साठलेल्या पाण्यात डासांची पैदास आठ-दहा दिवसांत होते.

कोणती योजना कुठे उपयोगी?

- प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण). ही योजना २०१६ मध्ये सुरू झाली. मैदानी भागात घरासाठी १.२० लाख रुपये हप्त्यांनी थेट बँक खात्यात येतात. घर अजून बांधायचे असेल तर छताचा उतार, परनाला आणि पाइपची जागा मिस्त्रीकडून सुरुवातीलाच ठरवून घ्यावी. नंतर छत फोडून करायला जास्त खर्च येतो.
- ग्रामीण रोजगार हमीची कामे. मनरेगातून बाडमेर जिल्ह्यात मोठ्या संख्येने वैयक्तिक टाके बांधले गेले. अनुसूचित जाती-जमाती, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे, महिला कुटुंबप्रमुख, आवास लाभार्थी, अल्प व अत्यल्प भूधारक यांना वैयक्तिक कामांत प्राधान्य दिले गेले. नव्या टाक्याची मागणी करताना त्याला जोडणारी पन्हळ आणि पाइप अंदाजपत्रकात आहेत का, हे ग्राम विकास अधिकाऱ्यांना विचारावे.
- बचत गट. राजस्थानात ग्रामीण उपजीविका अभियानाचे काम ‘राजीविका’मार्फत चालते. गटातील सदस्याला गटाच्या निधीतून अंतर्गत कर्ज मिळू शकते. पाइप, पत्रा आणि मिस्त्रीची मजुरी यासाठी हा सर्वांत जवळचा मार्ग आहे. शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून साहित्य आणल्यास वाहतुकीचा खर्चही वाटला जातो.
- ग्रामपंचायत विकास आराखडा. शाळा, अंगणवाडी, पंचायत घर यांच्या छतावरील पाण्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडता येतो. २०२१ पासून दरवर्षी राबवले जाणारे ‘जल शक्ती अभियान : कॅच द रेन’ पावसाचे पाणी पडेल तेथे अडवण्यावर भर देते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आवास योजनेतून घर मिळाले आहे. पन्हळ दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज करता येईल का?*
नाही. दुरुस्तीसाठी या योजनेत वेगळा हप्ता नाही. ‘दुरुस्तीचे पैसे मंजूर करून देतो’ असे सांगून कोणी पैसे, आधार क्रमांक किंवा मोबाइलवरचा ओटीपी मागितला तर देऊ नये.

*पन्हळच नाही, छत सपाट आहे. काय करावे?*
सपाट छताला लांब पन्हळ लागत नाही. छताचा उतार एका परनाल्याकडे करून तेथून पाइप खाली आणावा.

*घर भाड्याचे आहे.*
सफाई आणि चाचणी तुम्ही करू शकता. पाइप किंवा पत्रा बदलण्यापूर्वी मालकाची संमती घ्यावी आणि साहित्याची पावती जपून ठेवावी.

*तक्रार कोठे करावी?*
आधी ग्रामपंचायत, मग पंचायत समिती. तेथे दाद न मिळाल्यास राजस्थानात १८१ या क्रमांकावर ‘राजस्थान संपर्क’मध्ये तक्रार नोंदवता येते. अर्जासाठी ई-मित्र केंद्राची मदत घेता येते. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.

काम करताना काळजी

सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळेत छतावर चढू नये. शिडी धरायला दुसरी व्यक्ती असावी. पत्र्याच्या छतावर थेट पाय देऊ नये, आडवी फळी टाकून तिच्यावर बसावे. जवळून विजेची तार जात असेल तर ओला पाइप किंवा लांब लोखंडी सळई वर नेऊ नये. काम संपल्यावर दोन बादल्या पाणी छतावर ओतून ते टाक्याच्या तोंडापर्यंत पोहोचते का, हे एकदा पाहावे.